पिशवीवर पाय ठेवून घेणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावरून सिस्टर म्हणतोय, चुकत असेल तर माफ करा. गेल्या आठवड्यात सकाळी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला, आमच्यातले एक काका पळणं संपवून कठड्याला टेकले आणि मिनिटभरात खाली कोसळले. तुम्ही गर्दीतून आत आलात, वाकून श्वास बघितलात, त्यांना उताणं निजवलंत आणि खांद्यावरची पिशवी त्यांच्या टाचांखाली सरकवलीत. आतल्या डब्यासकट.

तुम्ही येईपर्यंत काय चाललं होतं ते लिहायला लाज वाटते. दोघं बगलेत हात घालून त्यांना उभं करत होते. एक जण कांदा शोधायला पळाला. एक बेशुद्ध माणसाच्या ओठाला पाण्याची बाटली लावत होता (ते पाणी सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं). आणि एकाचा मोबाईल वर धरलेला होताच. वाईट कुणीच नव्हतं. पण जे जे करायला नको, ते सगळं चाललं होतं.

काका का कोसळले, ते आता कळतंय. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं, कारण शिरा पातळ भिंतीच्या, जेवढं येईल तेवढं सामावून घेणाऱ्या. बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलीलिटर रक्त फेकतं, म्हणजे मिनिटाला सत्तरेक ठोके धरले तर पाच लिटर. पळताना हेच पंधरा-वीस लिटरवर जातं. त्यातला मोठा वाटा पायांच्या स्नायूंना मिळावा म्हणून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सताड उघडतात. आता हे खाली गेलेलं रक्त वर आणायचं कुणी? ते काम पोटऱ्या करतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात आणि शिरांतल्या झडपा रक्ताला माघारी येऊ देत नाहीत. पळणाऱ्या माणसाला दोन पंप असतात, एक छातीत आणि एक गुडघ्याखाली.

माणूस एकदम थांबला की खालचा पंप त्याच क्षणी बंद. उघडलेल्या वाहिन्या मात्र आणखी काही मिनिटं तशाच राहतात. घाम, उकाडा असेल तर कातडीकडेही रक्त वळलेलं असतं. बरंचसं रक्त कमरेखाली तुंबतं आणि हृदयाकडे जेवढं परत येईल तेवढंच ते पुढे ढकलणार. मोटर जोरात चालू, विहिरीत पाणी नाही, अशी गत. रक्तदाब पडतो, मेंदूचा पुरवठा तुटतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. कोसळणं हा इथं शरीराने स्वतःच केलेला उपाय आहे. आडवं झालं की मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात. अशा माणसाला बगलेत धरून उभं करणं म्हणजे तोच उपाय हाणून पाडणं. तुमच्या पिशवीने पाय वीतभर उचलले आणि तुंबलेलं रक्त आपल्या वजनाने मागे आलं. अर्ध्या मिनिटात काकांनी डोळे उघडले.

मग तुम्ही त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर दोन बोटं ठेवलीत, घड्याळावर पंधरा सेकंद ठोके मोजलेत, चारने गुणलेत आणि एकच प्रश्न विचारलात, "काका, चक्कर पळताना आली की थांबल्यावर?"

हा प्रश्न तिथं दुसऱ्या कुणाला सुचला नाही. थांबल्यावर आली तर बहुतेक वेळा हेच रक्त तुंबण्याचं कारण. पळता पळता आली तर गोष्ट वेगळी. हृदयाची झडप अरुंद असेल, भिंत जाड असेल, ठोक्यांची लय बिघडत असेल, हृदयाच्या स्वतःच्या धमनीत अडथळा असेल. काका थांबल्यावर म्हणाले, तरी तुम्ही त्याच दिवशी ईसीजी काढायला लावलात आणि गाडी चालवू दिली नाहीत. छातीवर दडपण नव्हतं ना, जबडा किंवा हात दुखला नव्हता ना, हेही विचारलंत. श्वास नीट नसता तर पाय उचलत बसायचंच नव्हतं, १०८ ला फोन आणि छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तुम्ही आधी श्वास बघितलात तो यासाठी, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आता कळतंय.

गर्दीतला एक जण म्हणत होता, "पैलवान गडी हाय, ह्याला काय हुतंय!" कोल्हापुरात हे सर्टिफिकेट फार स्वस्त झालंय. मेहनत सुटली की तिच्यामुळे वाढलेलं रक्तद्रव (रक्तातला पातळ भाग) थोड्याच दिवसांत कमी व्हायला लागतं. तिशीतला आखाडा साठीत उपयोगी पडत नाही. आणि ज्यांनी काकांना 'शेवटचा राउंड फुल्ल मार, मग बस' असं शिकवलं, त्या जिमवाल्यांनी फी मात्र वर्षाची आगाऊ घेतली होती. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत चालायचं, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. चालायला लागल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ ठोक्यांनीही उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही नाही सांगितलं. भिंतीवर '२२० वजा वय' हा जास्तीत जास्त नाडीचा हिशेब मात्र मोठ्या अक्षरात. त्या आकड्यात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात आणि काकांसारखी बीटा ब्लॉकरची (ठोके मंद करणारी) गोळी चालू असेल तर तो हिशेबच लागू पडत नाही. पळताना एक वाक्य सलग बोलता येतंय का, हे त्याहून खरं माप.

पण तुम्हाला लिहायचं होतं ते पिशवीचं. खुर्ची आणा, उशी आणा, कुणाला काही फर्मावलं नाहीत. दिवसभराची ड्युटी पुढे असताना स्वतःचा डबा एका अनोळखी माणसाच्या चिखलाच्या बुटांखाली घातलात. तो उघडला, मेथीची भाजी पिशवीभर झाली, तुम्ही ओढणीच्या टोकाने पुसलीत आणि केएमटीची बस पकडायला पळालात. आभार ऐकायलाही थांबला नाहीत.

काकांचा ईसीजी ठीक आला, इकोही (हृदयाची सोनोग्राफी) झाला. आता ते शेवटचा अर्धा फेरा चालतात.

डब्याचं झाकण कठड्याखाली सापडलं. धुऊन संध्यामठाजवळच्या चहाच्या गाडीवर ठेवलंय, साडेसातपर्यंत गाडी असते.

आपले,
सकाळचे रंकाळेकर