पप्पांना विचारलंत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, पप्पांची दारू सुटून चार वर्षं झाली. पेढे घेऊन आलो तेव्हा ओपीडीत गर्दी होती, बोलायचं राहिलं. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या रात्री पप्पा खाटेवर बसून हवेत बोटं चालवत होते. तुटलेला धागा चिमटीत धरायचा, गाठ मारायची, पुन्हा पुढचा. 'माग बंद कर,' म्हणून आईवर ओरडत होते. आमच्या घरात माग नाही. ते कारखान्यात टॉवेल विणतात. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे, उतारा टाका. दोन दिवसांपूर्वी सिद्धेश्वरांची शपथ घेऊन त्यांनी दारू एकदम बंद केली होती आणि आम्ही त्याच आनंदात होतो. रोज पिणाऱ्याने अशी अचानक सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, जीवही जाऊ शकतो, हे तुमच्याकडून कळलं. ग्लुकोजच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन का, तेसुद्धा तुम्ही मला, बारावीच्या पोरीला, समजावलंत.

पण आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. विड्या वळून साठवलेल्या पैशांतून आई 'न सांगता दारू सोडवा'वाली पावडर आणून चहात घालायची. तुम्ही तिला रागावला नाहीत. असल्या पावडरीत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं, डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि वरून माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, एवढं सांगितलंत. मग खुर्ची पप्पांकडे वळवून म्हणालात, "तुम्हाला विचारल्याशिवाय मी काहीच देणार नाही. गोळी घ्याल का?" त्यांना असं कुणी विचारून किती वर्षं झाली असतील! सगळं समजून घेऊन ते म्हणाले, "घेतो. पोरीच्या हातनं घेतो."

सात महिन्यांनी ऐन गड्ड्यात ते पुन्हा प्यायले. आम्ही तोंड लपवत आलो. तुम्ही म्हणालात, "आलात, बरं केलंत. शुगर वाढली म्हणून पेशंटला कोणी हिणवतं का?"

'वेड्यांची डॉक्टर' होणार म्हणून एमडीची तीन वर्षं तुम्हीही घरच्यांची बोलणी खाल्लीत, हे तुम्ही एकदा सांगितलं होतंत. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पाहून आल्यावर तुमचं पक्कं झालं, हेही. तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून आमचं घर आहे.

पप्पांनी तुमच्यासाठी एक चादर आणून ठेवलीय. तुम्ही भेटी घेत नाही, माहीत आहे. म्हणून आधी विचारायला सांगितलंय त्यांनी: घ्याल का?

तुमची,
टॉवेलवाल्यांची पोरगी