एका कान्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टाने तुमच्या लेकीच्या पत्त्यावरही येईलच. पण आधी ते असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे. गेल्या मे महिन्यात वाचनालयात मुलांसाठी जे गोष्टवाचन झालं, त्याचं कौतुक अजून माझ्याच पदरात पडतंय. भाजी घेताना कुणीतरी आई थांबवते आणि म्हणते, ‘बाई, काय छान सांगितलीत हो गोष्ट!’ मी दोनतीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, तर लोकांना तो विनय वाटतो. तेव्हा आता लेखीच देऊन टाकते. त्या गोष्टीत जे काही चाललं, ते तुमच्या कागदाच्या कपट्यांमुळे चाललं.

पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल, तुम्ही मागे पेपर घेऊन बसला होतात. मी सलमान रश्दींचं ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ निवडलं होतं. 1990 सालचं पुस्तक, एकूण 12 प्रकरणं, म्हणजे रोज एक करत पंधरवड्यात आटपेल असा हिशोब. इंग्रजी पुस्तक हातात धरायचं आणि मराठीत सांगत जायचं. आणि मी काय केलं, तर फळ्यावर लिहिलं : रूपक, श्लेष, अनुप्रास, चेतनगुणोक्ती. म्हटलं, मुलांना कथेतली अवजारं आधी ओळखीची करून द्यावीत. वीस मिनिटांत निम्मी मुलं खिडकीबाहेर होती, नजरेने तरी. सगळे गेल्यावर तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, ‘बाई, फोडणीचं साहित्य मांडून ठेवलंत, भाजी कुठाय?’

मला राग आला होता, काका. आता सांगायला हरकत नाही.

मग तुम्ही पुस्तक घरी मागितलंत. तीन दिवसांनी ते परत आलं तेव्हा त्यातून कपटेच कपटे बाहेर आले होते, जुन्या प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेले. छापखान्यात उभा जन्म अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस पुस्तक कसं वाचतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आम्ही अर्थ वाचतो, तुम्ही अक्षरं वाचता.

पहिलाच कपटा अर्पणपत्रिकेवर होता. तिथे पाच ओळींची कविता आहे. मी ती दोनदा वाचून पुढे गेले होते. तुम्ही ओळींची पहिली अक्षरं उभी वाचलीत. झेड, ए, एफ, ए, आर. जफर, लेखकाचा मुलगा. 14 फेब्रुवारी 1989 ला रश्दींना ठार मारण्याचा फतवा निघाला, त्यांना लपून राहावं लागलं, आणि त्या दिवसांत मुलासाठी लिहिलेलं हे पुस्तक. वाच आणि मला घरी आण, असं शेवटची ओळ मुलाला सांगते. बाप दिसत नाही, पण मुलाचं नाव ओळींच्या कडेला उभं आहे. तुम्ही खाली लिहिलं होतं, ‘डावी कड सरळ आहे का ते बघायची सवय. त्यात सापडलं.’ आणि मराठीत नाव तीनच अक्षरांचं होतं म्हणून पाच ओळी तीनांत बसवून दिल्यात :

जगावेगळ्या मुलुखी फिरतो, दिसेना मी कुणा,
फसव्या, भीषण, तरी देखण्या परीदेशीच्या खुणा;
रोज वाच तू, वाचत मजला घरी आण रे पुन्हा.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि फक्त या तीन ओळी लिहिल्या. पहिली अक्षरं उभी वाचायची हे मी सांगितलंच नाही. चौथीतल्या एका मुलाला सापडलं आणि तो बाकावर उभाच राहिला. त्या दिवसापासून मुलं प्रत्येक नावाकडे संशयाने बघायला लागली, आणि या पुस्तकाला नेमका तोच वाचक हवा असतो.

कारण या गोष्टीची सगळी यंत्रणा नावांत आहे. देशाचं नाव अलिफबे. उर्दू मुळाक्षरांतली पहिली दोन अक्षरं. (‘आपल्याकडे त्या देशाला कखग म्हणाले असते,’ हा तुमचा कपटा.) हारूनचं शहर इतकं दुःखी की स्वतःचं नाव विसरलेलं. बाप रशीद खलिफा, गोष्टी सांगणारा. चाहत्यांसाठी कल्पनांचा सागर, हितशत्रूंसाठी थापांचा शहा. आई गाणं म्हणायची ती थांबली आणि एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या कारकुनाबरोबर निघून गेली. तेव्हा अकरा वाजले होते. रशीदने घरातली घड्याळं फोडली, आणि हारूनला कुठल्याही गोष्टीवर अकरा मिनिटांपेक्षा जास्त लक्ष धरवेना. तुम्ही पुस्तकभर जिथे जिथे अकराचा आकडा आला तिथे बारीक टिंब दिलं होतंत. मुलांना मी ‘आवर्ती प्रतिमा’ वगैरे काही म्हटलं नाही. टिंबं मोजायला दिली. पुढे हारूनला एकाग्र होऊन इच्छा करायची असते आणि अकरा मिनिटांनी पुन्हा आईच मनात येते, तिथे वर्गात कुणी बोललं नाही. एका मुलीने नुसतं बोटाने टिंब दाखवलं.

बापाची वाचा जाते तो प्रसंग सांगायला मला अवघड वाटत होता. पुढाऱ्याच्या सभेत तोंड उघडावं आणि ‘आर्क’ एवढाच आवाज निघावा. पण त्यानंतर जो पाण्याचा जिन येतो, त्याने सगळं सोपं केलं. रशीदला गोष्टींचं पाणी नळाने मिळत असतं, अदृश्य नळाने. त्याची वर्गणी बंद झाली म्हणून इफ नावाचा जिन मध्यरात्री न्हाणीघरात पाना घेऊन कनेक्शन तोडायला येतो! आमच्या मुलांना परीकथेतला जिन समजावून सांगावा लागला असता, पण नळ तोडायला आलेला माणूस समजावून सांगावा लागला नाही. ‘बिल भरलं नव्हतं का?’ हाच पहिला प्रश्न.

इफ म्हणजे जर. आणि हारूनला चंद्रावर नेणारा यांत्रिक हुदहुद पक्षी, त्याचं नाव बट, म्हणजे पण. दऱ्याखोऱ्यांतून बस पळवणारा, ‘बट बट बट’ करत बोलणारा चालकही बटच. इथे आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, चालकाचं आडनाव पणशीकर करा, ‘पण’ही आला आणि आडनावही आलं. मुलं हसून लोळली असती, हे मला मान्य आहे. पण काश्मीरच्या वळणाच्या त्या घाटात पणशीकर बस चालवायला लागले असते तर डल सरोवर आपल्या तळ्यात येऊन मिळालं असतं. बट हे तिकडचं खरंखुरं आडनाव, म्हणून तर तो श्लेष जमलाय. शेवटी बट तसाच ठेवला. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि तुम्ही एरवीही फारसे बोलत नसल्यामुळे मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट.

हारून ज्या अदृश्य चंद्रावर जातो त्याचं नाव कहानी. त्यावर कथाप्रवाहांचा समुद्र आहे, हजारो रंगांच्या धारांचा. अकराव्या शतकात काश्मीरमध्येच सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, तोच इथे खरोखरचा समुद्र होऊन उसळतोय, हेही तुम्हीच दाखवलंत. चंद्राच्या एका बाजूला कायमचा उजेड, तिथे गप शहर, सतत बोलणारी माणसं. दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार, तिथे चुप. चुपचा राजा खतम-शुद समुद्रात विष कालवतोय.

इथे मी आपटले. हिंदुस्थानीत गप म्हणजे बाता, गावगप्पा. मराठीत ‘गप’ म्हटलं की आई डोळे वटारून उभी राहते. मुलं गोंधळली. ‘बाई, गपवाले गप्प का बसत नाहीत?’ ‘मग चुपवाले काय करतात?’ मी दोन्ही बाजू शांत करून ठेवल्या होत्या. घरी जाऊन शहराला बोलापूर, बडबडनगर अशी काय काय नावं ठेवून पाहिली. सगळी पाठ्यपुस्तकातली वाटली.

तुमचा कपटा सकाळी टेबलावर होता. एवढासा. ‘गप्प म्हणजे न बोलणे. काना लावा, गप्पा होतात. एका खिळ्याचा फरक. बदलू नका.’

काका, मी एम. ए.ला दोन वर्षं साहित्यशास्त्र वाचलंय. श्लेषाच्या व्याख्या मला पाठ होत्या. पण लेखकाने अख्खा चंद्र दोन भागांत चिरून, मध्ये संधिप्रकाशाचा पट्टा घालून जे दाखवलं, ते आपल्या भाषेने एका शब्दात आणि एका काना-भर अंतरात ठेवलंय, हे मला दिसलं नव्हतं. उजेडाचा आणि अंधाराचा चंद्र मुळात एकच. गपवाल्यांनीच यंत्राने त्याचं फिरणं अडवलंय म्हणून तिकडे रात्र साचली आहे, हे पुस्तकात पुढे येतं. म्हणजे दोष बोलणाऱ्यांच्या पदरातही आहे. तुमच्या कान्याने ते आधीच सांगून टाकलं.

मग तो पुठ्ठ्याचा खेळ. ‘गप्प’ लिहिलेली मोठी पाटी मधे, आणि सुटा काना, वीतभर उंचीचा, मुलांच्या हातात. ज्याच्या हातात काना त्याने बोलायचं, बाकीचे चुप. पहिल्या दिवशी कान्यासाठी मारामारी. तिसऱ्या दिवशी मुलं स्वतःहून तो पुढे द्यायला लागली. एका कधीच न बोलणाऱ्या मुलीने तो घेतला, छातीशी धरून उभी राहिली, आणि काही न बोलता पुढच्याला दिला. मला वाटलं, चला, फसलं. पण त्याच दिवशीच्या प्रकरणात मुद्रा आला होता, चुपचा योद्धा. तो हातांनी बोलतो, त्याच्या भाषेला नावच अभिनय. एक मुलगा ओरडला, ‘बाई, ती मुद्रा आहे!’ आणि ती हसली.

खतम-शुदबद्दलही लिहायला हवं, कारण मुलं त्याची वाट बघत होती. राक्षस येणार, दात येणार, धूर येणार. आणि येतो कोण, तर आईला घेऊन गेलेल्या कारकुनासारखाच एक किडमिड्या, किरकिरा माणूस. घरातलं दुःख कल्पनेच्या मुलखात पोशाख बदलून पुन्हा भेटतं, हे काम लेखकाने एकही वाक्य समजावणीचं न लिहिता केलंय. खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय, हा प्रश्न त्या कारकुनाचा असतो. हारूनच्या तोंडून तो एकदा बापासमोर निघून जातो आणि मग परत घेता येत नाही. इथे सहावीतला एक जण म्हणाला, ‘माझे पप्पापण असंच विचारतात.’ मी पुढचं पान उलटलं.

सगळंच काही मला आवडलं असं नाही. गपच्या राजकन्येच्या नाकावरून आणि गाण्यावरून जे विनोद चालतात ते मी बरेचसे गाळले. तुमचा कपटा होता, ‘मजकूर गाळणे हे आमच्या धंद्यात पाप.’ असेल. पण मुलगा म्हणून वावरणारी ब्लॅबरमाउथ मुलगी निघते, तो भाग मी दोनदा वाचला, मुलींच्या मागणीवरून.

आणि सैन्य! गपचं सैन्य म्हणजे पानं. अंगावर मजकूर लिहिलेले चौकोनी कपडे घातलेले बारीक शिपाई. त्यांची प्रकरणं, त्यांचे खंड, वर सेनापती किताब, आणि सगळ्या सैन्याला नाव ग्रंथालय. ते तुम्ही स्वतः वाचून दाखवाल का, असं मी विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत. नाही. पण त्या दिवशी तुम्ही एक न दुमडलेला छापील फर्मा घेऊन आलात, सोळा पानांचा एकच मोठा कागद, आणि मुलांसमोर न बोलता त्याच्या घड्या घातल्यात. उलटी, आडवी, विस्कटलेली पानं एकेक करून क्रमाने उभी राहिली. तेवढी शांतता त्या पंधरवड्यात मला पुन्हा मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी शहराला त्याचं नाव आठवतं. कहानी. आई परत आलेली असते, गात असते. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना सांगितलं की तिकडे गोष्ट संपली की खतम-शुद म्हणतात, म्हणजे त्या दुष्टाचं नावच मुळी ‘संपलं’ असं आहे. एकाने विचारलं, मग आपण काय म्हणायचं? मला पटकन सुचेना. मागून तुमचा आवाज आला, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ पंधरा दिवसांत मुलांनी ऐकलेलं तुमचं एवढं एकच वाक्य. बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांनी तुमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही लेकीकडे राहायला गेलात. आभार मानायचे राहून गेले. आता मानते. मनापासून.

यंदाच्या मेमध्ये नव्या मुलांसाठी तेच पुस्तक पुन्हा घेतोय. एक कपटा मात्र अजून कोराच आहे. अंगभर तोंडं असलेले, जोडीने फिरणारे, यमकात बोलणारे ते मासे, गुपी आणि बाघा. ही नावं सत्यजित राय यांच्या 1969 च्या चित्रपटातून, मूळची त्यांच्या आजोबांच्या गोष्टीतून आलेली, म्हणून ती तशीच ठेवलीत. पण त्या माशांच्या जातीला, प्लेंटीमॉला, तुम्ही लिहिलं होतं, ‘सुचलं की कळवतो.’ काना घेऊन गप्प उभी राहिली होती ना, ती मुलगी परवा येऊन म्हणाली, ‘तोंडाळ मासे’ म्हणा. मला आवडलंय. तुमचा शब्द 15 एप्रिलपर्यंत आला नाही, तर तिचाच कायम करतेय.

पुठ्ठ्याचा काना जपून ठेवलाय. वरचं टोक थोडं चुरगळलंय.

आपली,
वाचनालयातली बाई