सूचना : नव्या सॉफ्टवेअरसाठी आपल्या मागण्या लिहून द्या

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मेन्टेनन्सची बिलं आणि गेटवरच्या नोंदीसाठी नवं सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं आहे. बैठक रविवारी सकाळी १० वाजता, क्लब हाऊसमध्ये. मागण्या शनिवार रात्रीपर्यंत ऑफिसच्या पेटीत टाका.

'अ‍ॅप फास्ट हवं' असं कृपया लिहू नका. ते तपासणार कसं? 'पैसे भरल्यावर २ मिनिटांत पावती मोबाईलवर यावी' असं लिहा. मागणी तपासता आली पाहिजे, हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं, मागण्या कशा लिहाव्यात याबद्दलचं २९१४८ क्रमांकाचं मानकही सांगतं. 'भाड्याच्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) लागावं' हेही अर्धवटच. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि मालकाचा मुलगा-सून राहत असतील तर लागूच नये, इथपर्यंत हवं.

मागच्या वेळी सगळं तोंडी झालं. गाळेवाल्यांचं पाणी वेगळं आकारायचं हे कुणी बोललंच नाही. खजिनदार अजून ते वहीत पेन्सिलीने मांडतात. यंदा वॉचमनमामांनाही बोलावलंय. रात्री ११ ला येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याची नोंद शेवटी तेच करतात.

एकाच मागणीवर दोन मतं असतील तर दोन्ही लिहा, बैठकीत ठरवू.

– सचिव, घणसोली