बाकावरच्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि तुम्हाला मराठी येत नाही. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे धरूनच लिहायला बसलोय. 'थँक्यू' म्हणून मोकळं व्हायची संधी त्या रात्रीच होती, पण माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही. 'काका' म्हटलेलं चालेल ना? पांढरी दाढी, रंगाचे डाग पडलेले बूट आणि कडा उसवलेली निळी टोपी बघून मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आमच्या कराडला एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही काकाच म्हणतात.

२०२३ चा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं रायमन सभागृह, वरच्या मजल्यावरचा लाकडी बाक, आणि समोर गायक जेसन इझबेल आणि त्याचा बँड, द फोर हंड्रेड युनिट. मी अलाबामातल्या हंट्सव्हिलहून दोन तास गाडी हाणत एकटाच आलो होतो. एकटा, कारण बरोबर येतील अशा सगळ्यांना वाटेत 'बसायचं' होतं.

'बसणं' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवा. मराठी माणूस नुसतं 'शनिवारी बसू या' म्हणाला, की त्यात बाटली, बर्फ, चकणा, रात्रीचे दोन आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी एवढं सगळं आलं. मी वीस वर्षं बसलो. शेवटची तीन वर्षं तर एकटाच बसत होतो, गॅरेजमध्ये, कपडे धुवायच्या मशीनमागे बाटली ठेवून.

सोडायला मुहूर्त मात्र चांगला निवडला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणजे श्रावण एकाऐवजी दोन महिने. श्रावणात न पिणाऱ्याला आमच्यात कुणी कारण विचारत नाही. गटारीला हात धुऊन घेतलेले असतात सगळ्यांनी. 'अरे वा, यंदा कडक पाळतोयस!' असं उलट कौतुक झालं. माझा हा श्रावण संपायचा नाही, हे मी कुणाला सांगितलंच नाही. मग गणपती आले, गेले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, 'काय, आता तरी बसतोस का?'

नाही म्हणालो आणि सुरू झालं. 'एकानं काय होतंय?' 'बायकोनं शपथ घातली वाटतं.' 'लिव्हर दाखवून आलास काय?' एका वास्तुशांतीला (वास्तुशांतीला, काका! सकाळी सत्यनारायण झालेल्या घरात!) माझ्या कोकमध्ये गंमत म्हणून व्हिस्की ओतली गेली. वास आला म्हणून वाचलो. ओतणारा पंधरा वर्षांपासूनचा मित्र. खांद्यावर हात टाकून म्हणाला, 'परीक्षा घेत होतो तुझी.' गळ्यात तुळशीची माळ असती तर यातल्या एकाचीही हिंमत झाली नसती. माळकऱ्याला आग्रह करणं म्हणजे आमच्याकडे पाप. पण 'मला झेपत नाही, म्हणून सोडली' असं साध्या शब्दांत सांगणाऱ्याला कसलं कुंपणच नाही.

आणि ज्यांच्याकडे पैसे मोजून मदत मागायला गेलो, त्या तज्ज्ञ बाईंनी पाऊण तासात लॅपटॉपवरून मान वर केली नाही. प्रश्न वाचायच्या, खूण करायच्या. उठताना म्हणाल्या, एखादा छंद लावून घ्या.

छंद नव्हता, पण गाडीत एक आवाज होता. ऑफिसातला एक सहकारी फ्लॉरेन्सचा. हंट्सव्हिलहून हायवे ७२ धरून पश्चिमेला निघालं, की कापसाची शेतं मागे टाकत टेनेसी नदीकाठचं ते गाव येतं. पलीकडे मसल शोल्स. त्या टापूतल्या स्टुडिओंत १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन गाऊन गेली, १९६९ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स येऊन गेले. इझबेल तिथलाच, ग्रीन हिल नावाच्या खेड्यातला, १९७९ चा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बाप घरं रंगवायचा. सहकाऱ्यानं गाडीत त्याचं गाणं लावलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. कंट्री संगीत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हॅट, पिकअप ट्रक आणि बिअर. हा माणूस मात्र गिटार रॉकवाल्यासारखी कडाडून वाजवत होता आणि गोष्ट सांगत होता पारावर बसल्यासारखी. पहिल्या दोन ओळींत गाव, माणूस, त्याची नोकरी आणि त्याचं लपवलेलं दुखणं, सगळं डोळ्यांसमोर. उच्चारही तिथलेच, घासूनपुसून गुळगुळीत न केलेले.

त्याची हकीकत मला नंतर कळली. २००१ मध्ये बाविसाव्या वर्षी ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडमध्ये गेला आणि तिथं 'आउटफिट' लिहिलं: घराबाहेर पडणाऱ्या पोराला बापानं केलेल्या सूचना. ते गाणं ऐकताना मला आमचे अण्णा आठवतात, मुंबईच्या गाडीत बसवताना 'पाकीट पुढच्या खिशात ठेव' एवढंच म्हणालेले. २००७ मध्ये तो त्या बँडमधून बाहेर पडला; पिणं तोवर हाताबाहेर गेलं होतं. २०१२ च्या फेब्रुवारीत जवळच्या माणसांनी धरून उपचाराला नेलं. त्यानंतरचा अल्बम, 'साउथईस्टर्न', आला २०१३ मध्ये. बँडचं नावच बघा: फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलातल्या मनोरुग्ण विभागाला 'फोर हंड्रेड युनिट' म्हणत, तेच उचललं. आमच्याकडे कुणी ऑर्केस्ट्राचं नाव 'अमुकतमुक आणि येरवडा' ठेवेल?

आम्हा मराठी माणसांना दारूची गोष्ट म्हटली की गडकऱ्यांचा सुधाकर आठवतो. 'एकच प्याला' रंगभूमीवर येऊन शंभर वर्षं उलटली, तरी तो मानगुटीवरून उतरत नाही. सोडतो, पुन्हा धरतो, आणि शेवटी घरादारासकट बुडतो. पडदा. माझा प्रश्न वेगळा होता. समजा सुधाकर तरला असता, तर पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता त्यानं काय केलं असतं? हात कुठे ठेवले असते? सिंधूच्या नजरेला नजर कशी दिली असती? हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. इझबेल लिहितो ते नेमकं हेच, सात वाजल्यानंतरचं. २०२० च्या अल्बममधल्या 'इट गेट्स ईझियर'ची सुरुवातच मुळी स्वप्नात प्यायल्यापासून होते. मला वाटायचं, हे स्वप्न फक्त मलाच पडतं. पहाटे दचकून उठायचो आणि तळहातावर फुंकर मारून स्वतःच्याच तोंडाचा वास घ्यायचो. त्या गाण्यात 'तू जिंकलास, शाबास' वगैरे काही नाही. दिवस सोपे होत जातात, पण पूर्ण सोपे होत नाहीत, एवढंच. कुणीतरी मला पहिल्यांदा खरा भाव सांगितला होता.

'एलिफंट' तर मी अजून गाडी चालवताना लावत नाही. कॅन्सर झालेली एक मैत्रीण, तिच्याबरोबर बारमध्ये बसणारा एक माणूस, आणि दोघं मिळून त्या आजाराचा विषय कसा टाळतात त्याची ती गोष्ट. टाहो नाही, उपदेश नाही. विनोद करतात बिचारे.

तर रायमन. तिथं पोचायला ब्रॉडवेवरून जावं लागलं. दोन्ही बाजूंना बार, प्रत्येक दारातून वेगळं गाणं आणि एकच वास. तुमच्या त्या रस्त्याची मला खरंच भीती वाटत होती. सभागृहाच्या मागच्या गल्लीपलीकडेच टूट्सीजचा बार, जिथे पूर्वी गायक दोन गाण्यांच्या मध्ये पळून जायचे. रायमनची कुळकथा मात्र भलतीच. सॅम जोन्स नावाचा एक दारुडा वकील, बापाच्या मृत्युशय्येपाशी शपथ घेऊन सुधारलेला, पुढे गावोगाव दारूविरुद्ध प्रवचनं देत फिरायचा. त्याचं प्रवचन ऐकून थॉमस रायमन या बोटीवाल्या कप्तानाचं मन पालटलं आणि त्यानं हे प्रार्थनामंदिर उभं केलं. १८९२ मध्ये पुरं झालं. म्हणून तिथं खुर्च्या नाहीत, चर्चसारखे बाक आहेत. आणि बाक असले की शेजारच्या माणसाचा कोपर लागतो.

तुमचाही लागला. अर्धा बिअरचा ग्लास तुमच्या हातात होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तुम्ही उठलात आणि विचारलंत, 'खाली चाललोय. बिअर आणू का? माझ्याकडून.' माझ्याकडे उत्तरं तयार असतात. गाडी चालवायचीय. ॲसिडिटी आहे. अँटिबायोटिक चालू आहे. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून खरं निघून गेलं, 'मी पीत नाही. आज ८९ वा दिवस.'

तुम्ही मान हलवलीत. 'अभिनंदन' म्हणाला नाहीत, डोळे बारीक केले नाहीत, तुमच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली नाहीत. खाली गेलात आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन आलात. एक मला दिलात, एक स्वतः उघडलात. आणि तो अर्धा ग्लास तुमच्या हातात नव्हता.

मी त्या ग्लासाचा फार विचार केला, काका. कुठे ठेवलात तो? जिन्यावर? कचऱ्यात ओतलात? अर्धा प्यायलेला ग्लास टाकून देणं म्हणजे काय, हे पिणाऱ्यालाच कळतं. मी जन्मात कधी टाकला नसता. तुम्हाला माझ्या शेजारी बसून तो संपवायचा पूर्ण हक्क होता. मी काही तुमचा कुणी नव्हतो. पण पुढचे दोन तास तुमच्या-माझ्या बाकावर तो वास नव्हता. बायकोसोडून एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं, आणि तिला ते करायला मी वीस वर्षं लावली होती.

मग 'कव्हर मी अप' आलं. हे गाणं त्यानं अमांडा शायर्ससाठी लिहिलेलं. ती स्वतः गायिका, फिडल वाजवणारी. २०१३ मध्ये त्यांचं लग्न झालं, पुढे मोडलंही. दारूकडे मात्र तो परत गेला नाही, आणि गाणंही गातोच. त्यात एका ओळीत तो म्हणतो, की ते सगळं मी कायमचं सोडलं. त्या ओळीला लोक ओरडतात हे मी ऐकून होतो. रेकॉर्डिंगमध्येही ऐकलं होतं. पण चर्चच्या बाकांवरून दोन हजार माणसं एका माणसाच्या न पिण्यासाठी ओरडतात तेव्हा लाकूड थरथरतं, ते कसं सांगू? आमच्याकडे पंढरीच्या वाटेवर गजर होतो तेव्हा पायाखाली तसं होतं. मी रडायला लागलो. नाकातोंडातून, अगदी लाज वाटावी असं.

आणि तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मुद्दाम नाही बघितलंत, हे मला कळलं. मान सरळ समोर, कॅन गुडघ्यावर. फक्त बाकावर थोडे सरकून बसलात, की पलीकडच्या जोडप्याला मी दिसू नये.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सॅडलर व्हेडन आणि इझबेल समोरासमोर उभे राहून गिटारींचे सवाल-जवाब करत होते, अगदी फडावर रंगतात तसे. चॅड गँबलचा ड्रम छातीत वाजत होता. मग डेरी डिबोर्हानं ॲकॉर्डियन गळ्यात घेतला आणि एवढा मोठा हॉल एकदम माजघरासारखा लहान झाला. कान बधिर करणारा आवाज आणि लगेच कुजबुज, दोन्ही त्यांना येतं. माझे संगीतातले जाणकार मित्र म्हणतात, यात नवीन काय आहे, तेच तीन-चार कॉर्ड. नसेल. पिठलं-भाकरीतही नवीन काही नसतं.

चांगुलपणाविषयी आमच्याकडे फार बोललं जातं. मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्यावर भाषणं होतात, टाळ्या पडतात, आणि मग मागच्या खोलीत ग्लास मांडले जातात. मीही मांडले आहेत. कुणाकुणाला आग्रह केला असेल ते आठवलं की झोप उडते. त्यांतल्या दोघांना फोन करून माफी मागितली. एकजण म्हणाला, तू आग्रह केलेला मला आठवतसुद्धा नाही. दुसरा बराच वेळ काही बोललाच नाही.

त्या व्हिस्की ओतणाऱ्या मित्राशी मी अजून बोलत नाही. तेवढं मोठं मन माझं नाही.

दिवे लागले आणि तुम्ही जिन्याच्या गर्दीत निघून गेलात. मी डोळे पुसेपर्यंत तुमची पाठ दिसेनाशी झाली होती. टोपी बाकाखालीच राहिली. मी ती घेऊन जिन्यापर्यंत पळालो, बाहेर रस्त्यावरही बघितलं, मग परत येऊन दाराशी उभ्या असलेल्या लाल जॅकेटवाल्या मुलीकडे दिली आणि सांगितलं, वरच्या मजल्यावरची, डावीकडच्या बाकाखालची, निळी आहे, कडा उसवलीय. तिनं चिठ्ठी लिहून टोपीला टाचली. मिळाली असेल ना?