मेंदू थंड ठेवण्याचे संशोधन आणि आपण

महोदय,

जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूतील सगळ्याच पेशी लगेच मरत नाहीत. काही तासांनी हानीची दुसरी लाट येते. या मधल्या अवधीत डोके थंड ठेवल्यास मेंदू वाचू शकतो, हे ऑकलंडचे शास्त्रज्ञ अ‍ॅलिस्टर गन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांतून दाखवले. आज जन्मानंतर सहा तासांच्या आत हा उपचार सुरू करून ७२ तास बाळाच्या शरीराचे तापमान ३३-३४ अंश सेल्सियसवर ठेवणे प्रगत देशांत रूढ आहे. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ‘हेलिक्स’ चाचणीत (२०२१) याच उपचाराने मृत्यू वाढल्याचे आढळले. तेव्हा परदेशी उपकरणे सरसकट खरेदी करण्याआधी आपल्याकडील बाळांच्या मेंदूला इजा नेमकी केव्हा व कशाने होते, या (काहीशा रटाळ वाटणाऱ्या) संशोधनाला सरकारने पैसा द्यावा.

– एक वाचक, सातारा