आधी रक्ताची तपासणी, मग पथ्य

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ग्लुटेनवरचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनावरचा, लेख काल पुन्हा वाचला. राग ओसरेल असं वाटलं होतं, तो वाढलाच. पोट जड वाटत असेल तर महिनाभर गहू बंद करून बघा, हा सल्ला आम्हालाही एका हितचिंतकाने दिला होता.

मुलगी तेव्हा 7 वर्षांची होती. उंची वाढेना, लोहाचं औषध घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. आम्ही पोळी, बिस्किटं, शेवया बंद केल्या. तिला बरं वाटू लागलं. तीन महिन्यांनी सिलिअ‍ॅक या आजारासाठीची टीटीजी ही रक्ताची तपासणी केली, तर ती निगेटिव्ह! पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. पण ते रक्तात दिसायला गहू पोटात जात असावा लागतो. म्हणून पुढे दीड महिना रोज दोन पोळ्या. रात्री पोट धरून रडायची, ‘आई, उद्या भाकरी दे ना’ म्हणायची, आणि सकाळी मी तिच्या ताटात पोळीच वाढायची. मग पुन्हा रक्त, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा, आणि निदान. गहू सोडण्याआधी तपासणी करा, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर तो दीड महिना टळला असता. तुमच्या लेखातही ते वाक्य नाही.

वजन उतरवायला पोळी सोडा, हे मात्र आहे. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही, गव्हाचा दुसरा काही त्रास नाही, त्यांनी पोळी का सोडायची? आणि ज्यांना सिलिअ‍ॅक आहे त्यांना जन्मभर घासभरही चालत नाही. असे लेख वाचूनच लोक आमच्या पथ्याला फॅड समजतात आणि लग्नाच्या पंगतीत पोरीला ‘एवढीशी पुरणपोळी खा गं’ म्हणून आग्रह करतात.

त्यात लेखाखालची ‘ग्लुटेनमुक्त’ धिरड्यांची चौकट. तिच्यात दोन चमचे रवा! रवा गव्हाचाच असतो. डबीतल्या कुटलेल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गव्हामागून दळलेल्या ज्वारीतही गहू येतो, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापता येत नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तुम्ही पानभर छापलंत.

या चौकटीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. ती पाककृती कापून ठेवलेल्या आयांना ती दिसली पाहिजे.

— एक आई, बार्शी