रागाच्या आधी काय येतं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. रोज ध्यानाला बसूनही संध्याकाळी घरी आल्यावर लेकीवर आवाज चढतो, मग रात्री झोप लागत नाही, तेव्हा या सजगतेचा उपयोग तरी काय, असं तू विचारलं आहेस. मला वाटतं, तू राग घालवायला बसतोस आणि तिथेच सगळं अडतं. त्या हेतूने श्वास बघायला लागलं की मन दर दोन मिनिटांनी विचारतं, 'गेला का?' नसला गेला की त्याचाही राग येतो. राग घालवणं हे आपलं काम नाही. तो कुठून उठतो, किती चढतो आणि कसा ओसरतो, एवढंच बघायचं आहे.

बघायचं कुठे, तर आधी शरीरात. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या प्रवचनात, काया, वेदना (इथे दुखणं नव्हे, तर कोणतीही जाणवलेली संवेदना), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय) असा क्रम आहे, आणि वेदना तीनच प्रकारच्या सांगितल्या आहेत: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरातही पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायला लावतात आणि चौथ्या दिवशी शरीरातल्या संवेदनांकडे वळवतात. आधी लक्ष बारीक झालं नाही तर छातीतली हलकी धडधड कळतच नाही. कळतो तो थेट ओरडल्यानंतरचा राग.

सकाळी दहा मिनिटं पुरेत. खुर्चीत बस, पाठ ताठ पण ताणलेली नको. पहिली तीन मिनिटं नाकपुड्यांपाशी श्वास. मग कपाळ, जबडा, गळा, छाती, पोट, तळहात असा सावकाश फिर. ताण, ऊब, मुंग्या, ठोके, जे असेल ते. एखाद्या जागी काहीच जाणवलं नाही तर अर्धा मिनिट थांबून पुढे जा, ओढूनताणून काही शोधू नकोस. डुलकी येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेव.

खरी कसोटी संध्याकाळची. घराची बेल वाजवण्याआधी जिन्यातच एक मिनिट उभा राहा आणि स्वतःला तीन गोष्टी विचार, याच क्रमाने: शरीरात आत्ता कुठे काय होतंय? ते सुखद आहे, दुःखद आहे की दोन्ही नाही? आणि आता मला काय करावंसं वाटतंय? 'का' मात्र विचारू नकोस. 'का' म्हटलं की साहेब, लोकल, थोरल्या भावाचं बोलणं, सगळी कहाणी सुरू होते, आणि ती कहाणी रागाला पुन्हा पुन्हा चेतवते. कारण शोधायचं असेल तर दुसऱ्या दिवशी शांतपणे शोध. आणखी एक साधी गोष्ट तपास: दुपारी एकला जेवलेला माणूस सातला घरी पोचतो, तेव्हा पोट रिकामं असतं. भूक आणि अपुरी झोप शरीरात पुष्कळदा रागासारखीच जाणवतात. अशा वेळी ध्यानापेक्षा आधी दोन घास खाणं शहाणपणाचं.

एक छोटी वही ठेव. वेळ, शरीरातली जागा, भावनेचं नाव, 0 ते 10 मध्ये जोर, आणि पाच मिनिटांनी पुन्हा जोर. इतकंच, निबंध नको. 7 चे 4 आपोआप झालेले दिसतील, कधी 7 चे 8 सुद्धा. 8 झाले तर त्या पाच मिनिटांत मनात कोणतं वाक्य घोळत होतं, ते शेजारी लिहून ठेव.

नावाच्या रकान्यात सगळीकडे 'चिडचिड' लिहिशील तर काही कळणार नाही. वैताग, अपमान, धास्ती, असूया, खंत, हुरहूर या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं काहीतरी हवं असतं. धास्तीला माहिती लागते, अपमानाला दखल लागते, वैतागाला बहुधा विश्रांती. तुझ्या बाबतीत मुलीच्या मार्कांवरचा राग ही मूळची काळजी असावी, असा माझा अंदाज आहे. नाव देण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये माणसांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा अमिग्डाला या मेंदूतल्या भीती-धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली स्कॅनमध्ये दिसली. पण नाव एकदाच द्यायचं आणि परत शरीराकडे यायचं. 'राग, राग, राग' असा जप केला तर ते दडपणंच झालं.

सुखद-दुःखद नसलेल्या क्षणांकडेही बघ. आपण त्यांना कंटाळा म्हणतो आणि हात मोबाइलकडे जातो. तो हात उचलला जाण्याआधीची ओढ पकडता आली, तर रागाआधीची ओढही पकडता येईल, कारण सराव एकच आहे आणि इथे नुकसान काही नाही.

रात्रीच्या अपराधीपणाबद्दल: त्याचंही वजन छातीत कुठे जाणवतं ते बघ, पण ओरडला असशील तर सकाळी लेकीची माफी माग. माफी मागायच्या ऐवजी ध्यानाला बसू नकोस.

आणि हे नीट वाच. डोळे मिटून श्वास बघताना घाबरायला झालं, जुनं काही अंगावर धावून आलं, तर रेटू नकोस. डोळे उघड, पावलं जमिनीवर दाब, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे, थोडं चाल. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटलं, झोप-भूक गेली, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीतही बोलतात. असं काही चालू असताना दहा दिवसांच्या शिबिराला मात्र आत्ता जाऊ नकोस. तिथे दिवसाचे दहाएक तास बसायचं असतं आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी येऊ नये असं तिथलेच लोक सांगतात.

पुढच्या पत्रात वहीतली संध्याकाळी सहा ते आठची पानं उतरवून पाठव. 'राग' लिहिलेल्या ओळींच्या आधी काय आहे, ते आपण दोघं मिळून बघू.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अरुण